साठच्या पुढे ‘गूंऽऽ’

वीकेंडला अंबरनाथला चाललेय म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘देवळात?’ नाहीतर ‘फ्लॅट बघायला?’ मागच्या रविवारी मी तिसऱ्याच कामासाठी गेले. एका स्पोर्ट्स कारचं मागचं चाक ऐकायला!

हसू नका. कार खरी आहे. सॅन स्टॉर्म. टू-सीटर, फायबरची बॉडी, पुढे रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. डिझाइन फ्रान्सचं, बांधणी गोव्यातली. १९९८ मध्ये ती बाजारात आली तेव्हा मी पाळण्यात होते. फार विकली गेली नाही आणि आता बनतही नाही. त्यामुळे सिग्नलला थांबली की शेजारचा रिक्षावाला हमखास विचारतो, ‘इम्पोर्टेड आहे का हो?’

गाडी माझ्या कॉलेजातल्या मित्राच्या बाबांची. काका अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत टर्नर होते. १९५३ सालची ही संरक्षण खात्याची फॅक्टरी २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली, पण काकांच्या तोंडी अजून ‘एमटीपीएफ’च. ते रिटायर झाले तेव्हा सगळ्यांनी सल्ला दिला, एफडी करा, गावाकडचं घर दुरुस्त करा. काकांनी सेकंडहँड स्टॉर्म आणली. तीही लालभडक. सोसायटीत महिनाभर दुसरा विषय नव्हता, आणि काकू म्हणे सहा महिने त्या गाडीत बसल्याच नाहीत.

आता गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटून गेलीत. म्हणजे दर पाच वर्षांनी कल्याण आरटीओ, इन्स्पेक्शन, पर्यावरण कर, मग पुढची पाच वर्षं. यंदाची तारीख तोंडावर आली आणि नेमकं मागचं चाक गायला लागलं. चाळीसला काही नाही. साठच्या पुढे गूंऽऽ. ऐंशीला तर लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरल्यासारखं! मित्राचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, भंगारवाल्यानं भाव सांगितलाय. देऊन टाकू." त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, त्याचंही चूक नाही. शेवटी बापलेकांत करार झाला. चाक उघडायचं. ज्या दांड्यावर ते फिरतं तो स्टब अ‍ॅक्सल शाबूत असेल तर बेअरिंग बदलायचं. अ‍ॅक्सल खाल्ला गेला असेल तर गाडी भंगारात. मी साक्षीदार. (फुकट जेवण कबूल झालं होतं, हेही सांगून टाकते.)

"रविवारी एमआयडीसी बंद असेल ना?" मी फोनवर विचारलं. मित्र हसला. इथल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. मंडे ब्लूज काय ते या भागाला माहीत नाहीत, इथे असलेच तर सॅटर्डे ब्लूज!

सीएसएमटीपासून अंबरनाथ साधारण साठ किलोमीटर. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, मग अंबरनाथ. पूर्वेला वालधुनीकाठचं शिवमंदिर. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं. ते नक्की बघा, पण मी आधी पोट भरलं आणि रिक्षानं बदलापूरच्या दिशेला, आनंदनगर एमआयडीसीत गेले.

इथे निसर्गरम्य वगैरे काही नाही. एकीकडे औषधांच्या कंपनीचा नाकात जाणारा वास, दुसरीकडे पत्र्याच्या शेडमधून येणारी लेथची किर्रर्र. ट्रेलर वळताना अख्खा रस्ता थांबतो आणि कुणी हॉर्नसुद्धा मारत नाही. टपरीवर निळ्या शर्टातली पोरं कटिंग मारत उभी. मागे मलंगगडाच्या बाजूचे डोंगर, इतके जवळ की कुणीतरी शेडमागे पडदा लावलाय असं वाटावं. ‘ऑफिस’ म्हटलं की मला एसी आणि कॉफी मशीन आठवतं. या पत्त्यावरच्या ऑफिसात लोक लोखंडाचा केसभर थर काढतात आणि त्यावरून भांडतात. मला आवडलं, खरं सांगते.

आधी टेस्ट. गाडीत दोनच सीट्स. मित्र चालवायला, काका बाजूला. दोन फेऱ्या मारून काका उतरले आणि मला म्हणाले, "बस. डोळे मिट. उजवीकडे वळल्यावर काय होतं ते सांग." रिकाम्या सरळ रस्त्यावर मित्रानं गाडी नागमोडी नेली. उजवीकडे वळली की आवाज चढायचा. डावीकडे वळली की जवळजवळ गप्प! मास कॉमला हे कुणी शिकवलं नव्हतं. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डावीकडे झुकतं, आणि ज्या बेअरिंगचं दुखणं आहे ते ओझं आलं की ओरडतं. म्हणजे मागचं डावं.

गाळा मिस्त्रींच्या ओळखीतला. एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला लेथ आणि हायड्रॉलिक प्रेस. मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, चाक वर आणि खाली धरून हलवलं. किंचित खुळखुळ. मग एका हातानं चाक फिरवून दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायला सांगितला. हाताला बारीक थरथर जाणवली, जणू मोबाइल व्हायब्रेटवर.

ग्रीस कॅप, मोठा नट, मग ड्रम ओढून बाहेर. बेअरिंग ड्रमच्या पोटात बसवलेलं. पण त्याची आतली एक रिंग अ‍ॅक्सलवरच चिकटून राहिली होती, आणि रिंगच्या कडेला तपकिरी-निळसर डाग. मित्रानं माझ्याकडे बघितलं. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातून चष्म्याच्या केससारखी डबी काढली. आत मायक्रोमीटर, स्वतःचा, चाळीस वर्षांपूर्वीचा.

पुलर लावून रिंग निघायला अर्धा तास गेला. तेवढ्यात मिस्त्रींनी सहज म्हटलं, "घासला असेल तर पंच मारून देतो, काका. बेअरिंग धरून बसेल." म्हणजे गुळगुळीत लोखंडावर ठोकून खड्डे पाडायचे, की कडा वर येतात आणि ढिली रिंग घट्ट बसते. काही दिवस.

"पंच मारून पिठाची गिरणी चालव," काका म्हणाले. "यावर माझा मुलगा बसतो."

गाळ्यात एकदम शांतता. मिस्त्रींनी मान डोलावली आणि विषय संपला.

मग मापं. काकांनी अ‍ॅक्सल रॉकेलनं पुसला, एमरीचा बारीक कागद फक्त डागावरून फिरवला आणि तीन जागी मोजलं. प्रत्येक जागी दोनदा, एकदा उभं, एकदा आडवं. गोल दिसणारी गोष्ट गोल असतेच असं नाही म्हणे. ढिली रिंग दांड्यावर फिरत राहिली की तो एका बाजूनं खाल्ला जातो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इथे त्याच्या निम्म्या फरकानंही गाडी भंगारात जाणार होती. मित्र मोबाइल काढून उगाच स्क्रोल करत होता. काका आकडे मोठ्यानं वाचत नव्हते, खडूनं जमिनीवर लिहीत होते. सहावा आकडा लिहिला आणि म्हणाले, "चल, बेअरिंग आण."

बेअरिंग मित्रानं आधीच आणून ठेवलं होतं. करार असूनही! कंपनीचं पार्ट्स कॅटलॉग कुठून मिळणार? पण बेअरिंगला गाडीचं नाव लागत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, एवढंच लागतं. इथे २५, ५२, ३७ मिलिमीटर. नागदेवी स्ट्रीटच्या दुकानदारानं गाडी कुठली हे विचारलंसुद्धा नाही. पंख्या-पंपांतल्या साध्या बॉल बेअरिंगचं तर आणखी सोपं: ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणा, आतलं भोक २५ मिलिमीटर. ही भाषा जगभर एकच. १९०७ मध्ये स्वीडनच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर सारखी खराब होणारी बेअरिंग्ज बदलून वैतागला, त्यानं स्वतःच नवं बनवलं आणि त्यातून एसकेएफ उभी राहिली. त्याच कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे.

प्रेसवर एकदा गडबड होता होता राहिली. हेल्परनं नवं बेअरिंग ड्रमवर ठेवलं आणि आतल्या रिंगवर दाब द्यायला निघाला. काका आणि मिस्त्री एकाच वेळी ओरडले! बाहेरची रिंग ड्रममध्ये शिरायची, तर दाब बाहेरच्याच रिंगवर. आतल्यावर दिला तर सगळा जोर मधल्या गोळ्यांवर येतो, त्यांच्या खोबणीत न दिसणारे खड्डे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग महिन्याभरात परत गूंऽऽ. हेल्परनं जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवून त्यावरून दाबलं. सर्क्लिप बसली. टक्! नट नवा, आणि टॉर्क रेंचनंच आवळायचा. मिस्त्रींचा पाना खुंटीवरच राहिला.

परत त्याच रस्त्यावर. चाळीस, पन्नास, साठ... शांत. ऐंशीला पुन्हा अगदी बारीक आवाज. माझा चेहरा पडला.

"ते टायर," काका म्हणाले. उतरून त्यांनी माझा हात टायरवरून फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं खवल्यासारखं. डळमळत्या चाकानं रबर असमान खाल्लं होतं. टायर पुढच्या पगाराला, मित्र म्हणाला. ‘भंगार’ हा शब्द दिवसभरात पुन्हा निघाला नाही. उजव्या चाकाचं काय, असं मी विचारलं तर काका म्हणाले, ते अजून ओरडत नाही. मिस्त्रींचं मत उलटं होतं, दोन्ही एकदम बदलायला हवी होती. माझं मत मिस्त्रींच्या बाजूनं, पण मला कोण विचारतं!

आरटीओची तारीख पुढच्या बुधवारची. मित्रानं हाफ-डे टाकलाय. काकू म्हणाल्या, बाजूच्या सीटवर या वेळी मी बसणार. म्हणजे काका रिक्षानं जाणार.