मृत्तिकेचा महिमा : लखनौचें रवींद्रालय

लखनौस जाणारा प्रवासी बडा इमामबाडा व रूमी दरवाजा पाहतो, चिकनचें कापड घेतो आणि समाधानानें परततो. चारबाग स्थानकासमोर रवींद्रालय नांवाचें नाट्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भिंतीकडे मान वर करून पाहणारे मात्र विरळा. आमच्या मतें त्या शहरांतील प्रेक्षणीय स्थळांत या भिंतीची गणना अग्रभागीं झाली पाहिजे.

रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचें स्मारक असलेल्या या वास्तूवर सुमारें ८० फूट लांबीचें, भाजलेल्या मातीच्या असंख्य फरशांचें भित्तिशिल्प आहे. तें के. जी. सुब्रमण्यन् यांनीं १९६३ सालीं पुरें केलें. विषय रवींद्रनाथांच्याच ‘राजा’ नाटकाचा. त्यांतील राजा राणी सुदर्शनेस केवळ अंधाऱ्या दालनांत भेटतो. तिला त्याचें रूप डोळ्यांनीं पाहण्याची हांव सुटते. बाह्य तेजास भुलून ती भलत्यालाच राजा समजते, आणि अखेर अभिमान गळाल्यावर धुळीच्या वाटेनें पायीं निघते, तेव्हां तिला खऱ्याची ओळख पटते. रूपमोहाची ही कथा सांगण्यास कलावंतानें संगमरवर न घेतां पायांखालची माती घेतली, यांतच त्याचें मर्म आम्हांस दिसलें.

सुब्रमण्यन् यांचा जन्म १९२४ सालीं केरळांत झाला. मद्रासेस अर्थशास्त्र शिकत असतां ‘चले जाव’ चळवळींत त्यांस तुरुंगवास घडला व सरकारी महाविद्यालयांचीं दारें बंद झालीं. तेव्हां १९४४ सालीं ते शांतिनिकेतनांत नंदलाल बसूंच्या छत्राखालीं गेले. पुढें १९५१ पासून गायकवाडांच्या वडोदऱ्यास आणि १९८० नंतर पुनः शांतिनिकेतनांत त्यांनीं अध्यापन केलें. २०१६ सालीं वडोदऱ्यास त्यांचा देहान्त झाला. त्यांनीं तैलचित्रें काढलीं, शिळाछापाचीं मुद्राचित्रें केलीं, कांचेच्या उलट बाजूनें रंगविलें, मुलांसाठीं खेळणीं व चित्रमय पुस्तकेंही सिद्ध केलीं. १९७१ च्या बांगलादेश युद्धानें व्यथित होऊन पदकें मिरविणारे सेनापति त्यांनीं मातींतच घडविले.

इतक्या वाटांनीं हिंडणारा मनुष्य चंचल, असें कोणी म्हणेल. पण प्रत्येक द्रव्याचा धर्म निराळा असतो. रंगाची रेघ पुसून पुनः काढतां येते. शिळेवर काढलेलें चित्र कागदावर उलटें उमटतें, म्हणून उजवें-डावें आधींच मनांत पालटावें लागतें. ओल्या मातीवर बोटाचा ठसा उमटतो आणि अग्नि तो कायमचा करतो. या सर्वांपुढें शिष्यभावानें बसणें हें चांचल्य नव्हे, ही साधना होय.

छांदोग्यांत श्वेतकेतूस पित्यानें ब्रह्मविद्या समजाविली, ती मातीच्या गोळ्याच्या दृष्टांतानें. तो दृष्टांत आमच्या पांढरपेशा घरांत मुखोद्गत असतो; पण मूल मातीनें हात भरून घरांत आलें, कीं त्यानें काय घडविलें हें विचारण्याआधीं त्यास हात धुण्यास धाडलें जातें. लेखणीस जो मान, तो बोटांस नाहीं. याचें फळ असें, कीं आमचीं मुलें भिंत वाचूं शकत नाहींत. तिच्याखालून निघून जातात.

सर्वांस लखनौस जाणें घडेलच असें नाहीं. निदान येत्या गणेशचतुर्थीपूर्वीं शाडूचा एक गोळा नातवंडांच्या हातीं द्यावा, आणि सोंड वांकडी झाली तरी हंसूं नये.