पंख हलवा

रात्रीचे दहा. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या गवतावर, विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकलाय. झोप येत नाही.

पहाटे कोलोरॅडोहून निघालो. नेब्रास्कातली मक्याची शेतं संपता संपेनात. मग आयोवा, मग खाली रुंद, संथ मिसिसिपी. माझी नजर मात्र पुन्हा पुन्हा उजव्या पंखावर जायची. मित्राने हे आरव्ही-७ विमान सात वर्षं गॅरेजमध्ये बांधलं. रिव्हेट ठोकताना पत्र्यामागून पोलादी ठोकळा दाबून धरायला दुसरा माणूस लागतो. कित्येक रविवारी तो मी होतो.

ऑशकॉशला उतरण्याआधी रिपन गावापासून रेल्वेच्या रुळांवरून, १८०० फुटांवर, ९० नॉट वेगाने, एकामागे एक विमानं. फिस्क गावी दुर्बिणी घेऊन बसलेले नियंत्रक विमानाच्या रंगरूपावरून हाक मारतात. रेडिओवर उत्तर द्यायचं नसतं, फक्त पंख हलवायचे. मित्राने विमान डावी-उजवीकडे झुलवलं आणि माझे डोळे भरून आले.

पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्येच हौशी विमानबांधकांची संघटना काढली. १९७० पासून तिचा मेळा इथे भरतो. संध्याकाळी रांगांमधून हिंडताना कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवले. एवढं मोठं धड गच्चीवर! इथे आले तर त्यांना काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

मघाशी शेजारच्या तंबूतले आजोबा टॉर्च घेऊन आले. पंखाच्या रिव्हेटवरून हलकेच बोट फिरवलं.

"ठोकळा कुणी धरला होता?"

मी हात वर केला.