ठळक छापलेला आकडा

अल्कलाइन फॉस्फेटेज ३८०. आकडा ठळक छापलेला, शेजारी वर जाणारा बाण, पुढे मर्यादा ४० ते १३०. नातू अकरा वर्षांचा; अधूनमधून पोट दुखतं म्हणून रक्त तपासलेलं. हे एन्झाइम यकृतात असतं, एवढंच मला ठाऊक. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दशलक्षणात त्यानं हट्टानं एकाशन केलं, तेव्हा कौतुकानं मीच पाठ थोपटली होती. सून काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

सकाळी बेळगावातल्या आमच्या डॉक्टरांनी आधी पोराची उंची मोजली. "वर्षात बराच वाढला की!"

"दोन पँटी आखूड झाल्या," सून म्हणाली.

"काकू, हाडं घडवणाऱ्या पेशीही हे एन्झाइम तयार करतात. वाढत्या वयात ते मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असू शकतं. इथं छापलेली मर्यादा मोठ्यांची आहे. यकृताचं दुखणं असतं तर सहसा एसजीपीटी, जीजीटी, बिलिरुबिन यांतलंही काही वाढलं असतं. ते सगळं ठीक आहे. पोटदुखीचं वेगळं बघू."

रिक्षात मी सुनेला विचारलं, "माझ्यावर रागावली होतीस?"

"नाही हो आई. मी डब्यात रोज नूडल्स देते, म्हणून तुम्हीच गप्प झालात असं वाटलं मला."

मुलाचा रिपोर्ट मुलाच्या वयाच्या मापानं वाचायचा, एवढं कळलं. एकमेकींचं गप्प राहणं मात्र आम्ही दोघींनी चुकीच्याच मापानं वाचलं होतं.