पिल्लाचे दात आणि आपले हात

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिले आठ दिवस त्याचे लाड होतात आणि महिनाभराने त्याला काठी बसते. दोन्हीचे कारण एकच, त्याचे तोंड. इवलेसे तोंड बोट चघळते तेव्हा पोरे खदखदा हसतात. तेच दात टोचून रक्त आले की पिल्लू वाईट ठरते. मग कोणीतरी त्याला पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतो.

आमच्या तिरोडा तालुक्यातल्या घरी मोत्या आला तो धान कापणीच्या दिवसांत. वस्तीतल्या कुत्रीने तणसीच्या ढिगात पिल्ले घातली होती. दोन महिने होईपर्यंत आम्ही त्याला आईपासून तोडले नाही. याचा फार उपयोग झाला. पिल्ले आपसात खेळताना एकाने जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून देते. किती जोर लावावा हा पहिला धडा पिल्लू तेथेच शिकते.

तरी मोत्या चावायचाच. मी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायला बसले की तो सुताचे टोक ओढी, पायाचा अंगठा धरी. शेजारचे भाऊजी म्हणाले, "दोन थापडा हाना वहिनी, सरळ होते का नाही पहा!" सासूबाई मात्र म्हणाल्या, "भेलेलं कुत्रंच पयले चावते, बाई." त्यांचे म्हणणे मला पटले. तोंडाजवळ येणारा हात मारतो, हे एकदा मनात बसले की कुत्रे चारणाऱ्या हातावरही दात काढते.

आम्ही घरात ठरवून घेतले. हाताशी खेळू द्यायचे नाही. जुन्या लुगड्याच्या पट्टीला घट्ट गाठ मारून, ती भिजवून त्याला चघळायला दिली. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पिल्लाचे दुधाचे 28 दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 दात येतात. त्या दिवसांत हिरड्या शिवशिवतात, चावायला काहीतरी लागतेच. अंगाला दात लागला की त्याच क्षणी खेळ बंद. ओरडायचे नाही, पळायचे नाही. पळाले तर त्याला तोही खेळच वाटतो. पाठ फिरवून गप्प राहायचे. तो शांत झाला की पट्टी पुढे करायची. फारच चेकाळला तर त्याला झोप हवी आहे असे समजायचे, कारण लहान पिल्लू दिवसरात्रीतून अठरा तासांपर्यंत झोपते. माझे काम चाले तेव्हा त्याला दूर खांबाला बांधत असू. तंबाखू पोटात गेला तर कुत्र्याला विषच.

नियम सर्वांना सारखा हवा. आमचा थोरला चोरून बोट देई आणि हसे. त्याला समजावायला मोत्यापेक्षा जास्त दिवस लागले! पण महिनाभरात मोत्याचा दात हळू झाला, पुढे लागेनासाच झाला.

त्याच महिन्यात एकदा धाकटीच्या पोटरीवर रक्ताळलेला ओरखडा दिसला. विचारले तर म्हणाली, "काटा रुतला, आई." जवळ घेऊन विचारल्यावर रडत खरे बोलली. मोत्याला सोडून देतील म्हणून तिने दात लागल्याचे लपवले होते. भगिनींनो, माझ्या अंगावर काटा आला तो ओरखडा पाहून नव्हे, तर तिच्या गप्प राहण्याने.

पिसाळण्याचा रोग, म्हणजे रेबीज, लहान पिल्लालाही होऊ शकतो. एकदा माणसात लक्षणे दिसली की वाचणे जवळजवळ अशक्य. पण वेळेवर लस घेतली तर रोग टळतो. म्हणून दात लागून खरचटले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तेथे लस फुकट मिळते. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही टोचावे लागते. पोटात 14 इंजेक्शने घेण्याचे भय आता मनातून काढा. ती जुनी लस 2005 च्या सुमारास बंद झाली. आता थोडीच इंजेक्शने दंडात देतात, मात्र डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नये. आमच्या धाकटीने सगळ्या पूर्ण केल्या. मोत्याला तीन महिने होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून आणली. तीही दरवर्षी द्यावी लागते.

पिल्लू पाळायचे असेल तर त्याला मारून शिकवू नका आणि त्याच्यापायी मुलांना दटावू नका. ज्या घरात चावल्याची गोष्ट सांगितली की आधी रागे भरतात, त्या घरातली पोरे जखम झाकतात. आपल्या घरातले लहानात लहान पोरही "आई, मला दात लागला" असे न भिता सांगू शकले पाहिजे. त्याचा जीव त्या एका वाक्यावर अवलंबून असतो.