मुसंदमच्या पाण्याखाली

सारा जन्म केळशीत गेला, पण वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत मी समुद्रात गुडघ्याच्या वर उतरले नव्हते. त्याला कारण आहे. मी चौथीत असताना माझा चुलतभाऊ खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत गेला. तेव्हापासून घरातल्या मुलींना वाळूच्या टेकडीपलीकडे जायची बंदी झाली. पुढे शिक्षिका झाल्यावर तीच बंदी मी वर्गातल्या मुलींना घातली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे रस अल खैमाला गेले. आमच्याकडे आखातातून खजूर येतात, ब्लँकेट येतात, पैसे येतात. तिथला समुद्र कसा आहे ते कुणी सांगत नाही. भाऊ म्हणाला, "आपा, मॉल नंतर बघू. आधी मुसंदम."

मुसंदम हा ओमानचा तुकडा, पण ओमानपासून तुटलेला. मध्ये अमिरातीची जमीन आहे. सरहद्द ओलांडली की रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामधून खसब गावापर्यंत जातो. डोंगर चुनखडीचे, उघडेबोडके. आपल्या सह्याद्रीची हिरवळ डोळ्यांत असलेल्या माणसाला पहिला तासभर ते भकासच वाटतात. होर्मुझची सामुद्रधुनी ती हीच. आखातात जाणारे प्रत्येक जहाज या डोंगरांसमोरून जाते, म्हणजे आपल्या गावोगावच्या खलाशांनी ते डेकवरून पाहिलेले असणार.

खसबहून लाकडी गलबतातून आम्ही खोर शाममध्ये शिरलो. खोर म्हणजे खाडीच, पण दोन्ही बाजूंना उभे कडे आणि आत सुमारे सोळा किलोमीटर शांत पाणी. नॉर्वेतल्या अशा खाड्या बर्फाने कोरल्या. इथे मात्र भूकवचाच्या रेट्याने डोंगराची कडाच खाली खचत गेली आणि दऱ्यांत समुद्र शिरला. काठावर चार-सहा घरांची गावे आहेत. तिथे रस्ता नाही, पिण्याचे पाणीसुद्धा होडीने येते.

मधोमध एक छोटे बेट आहे. १८६४ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांना जोडणारी तारेची केबल समुद्रातून टाकली, तेव्हा इंग्रजांनी या बेटावर तारघर बांधले. उन्हाळ्यात तो खडक तव्यासारखा तापतो. चार-पाच वर्षांतच तारघर तिथून हलवावे लागले. आता फक्त पायाचे दगड उरले आहेत.

तिथेच पाण्यात उतरायचे होते. आधी एक फॉर्म भरायचा: दमा आहे का, रक्तदाब, कानाचे दुखणे. पोहता येत नाही, हे मी स्पष्ट सांगितले. मिसरचा प्रशिक्षक म्हणाला, उथळ पाण्यात राहू, मी हात सोडणार नाही. पोशाखाची काळजी वाचणाऱ्या बहिणींना असेलच. रबरी पोशाख मनगटापासून घोट्यापर्यंत असतो, आणि डोक्यावरही रबरी टोपी मिळते. माझा दुपट्टा गलबतावर राहिला, डोके झाकलेलेच होते.

नियम दोनच पाठ करून घेतले. श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना दाब कमी होतो आणि फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगते. आणि थोडे थोडे खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे, म्हणजे कानावरचा दाब सुटतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. आम्ही पाचपर्यंतच गेलो.

पहिल्या मिनिटाला मी हात हलवून वर न्यायला सांगितले. भाऊ आठवला, खाडी आठवली. प्रशिक्षक घाई न करता वर घेऊन आला आणि थांबला. दुसऱ्यांदा मी नुसता स्वतःचा श्वास ऐकत राहिले. मग पोवळी दिसली, तपकिरी, पिवळट. काळ्या पट्ट्यांचे मासे. आणि अंगावर पिवळा ठिपका असलेला एक निळा मासा, जो मला पाहायलाच आल्यासारखा थांबला. सूरह रहमानमधला मोती आणि पोवळ्याचा उल्लेख मी किती वेळा वाचला असेल, पण पोवळे जिवंत असते हे मला त्या दिवशी कळले.

वर आल्यावर भावाने आखातातल्या जुन्या मोतीवाल्यांविषयी सांगितले. पायाला दगड, नाकाला चिमटा, गळ्यात टोपली; वरून दोर ओढणारा सोबती. हवेची टाकी नाही, एका श्वासात तळ गाठायचा. तो मोती मुंबईच्या बाजारात विकला जाई. जपानी कृत्रिम मोती आले आणि १९३०च्या सुमारास तो धंदा बसला. त्या पाणबुड्यांची नातवंडे आज आपल्या मुलांना नोकऱ्या देतात, हा उलटा प्रवाह मला विचित्र वाटला.

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचे नसते, म्हणून परतीचा दिवस पुढे ढकलला.

केळशीला आल्यावर वर्गात हे सगळे सांगितले. एका मुलीने विचारले, "बाई, मग आम्हाला का नाही?" समुद्राकाठी राहून मुलींना पोहता येत नाही, हे उत्तर मला देता येईना; बंदी माझीच होती. घरोघरी जाऊन पालकांशी बोलले. माझ्या काकी, ज्यांचा मुलगा गेला, त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं."

पंधरा मुलींनी नावे दिली आहेत. शिकवणारी बाई हवी आहे. दापोलीत चौकशी चालू आहे.