मूर्ती परतल्या, नृत्यही परतले

कंबोडियाला जाणारे भारतीय प्रवासी बहुधा अंकोर वाट पाहण्यासाठी जातात. सिएम रीपला उतरावे, दोन-तीन दिवसांत मंदिरे पाहावीत आणि परतावे, असा बहुतेक सहलींचा क्रम असतो. राजधानी नॉम पेन्ह त्यात एखाद्या दिवसापुरती येते किंवा वगळलीच जाते. परंतु अंकोरच्या भिंतींवर कोरलेल्या नर्तिकांची कला आज कोणाच्या हातात आहे, हे जाणून घ्यायचे असेल, तर नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयातच जावे लागते.

राजवाड्याच्या उत्तरेस ही तांबूस रंगाची, ख्मेर धाटणीच्या उतरत्या छपरांची वास्तू उभी आहे. मध्यभागी चौक, चौकात कमळांची तळी आणि चारही बाजूंनी मूर्तींची दालने. तिचा आराखडा जॉर्ज ग्रॉस्लिए या फ्रेंच विद्वानाचा. त्याचा जन्म नॉम पेन्हमध्येच झाला होता. कंबोडियन नर्तिकांवरील त्याचे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले, तर संग्रहालय १९२० च्या एप्रिल महिन्यात ख्मेर नववर्षाच्या मुहूर्तावर खुले झाले. ग्रॉस्लिएने संग्रहालयाला लागूनच कलाशाळाही उभारली. जुनी वस्तू जपायची, तर तशी वस्तू घडवणारे हातही जपले पाहिजेत, हा त्यामागील विचार होता.

भारतीय माणसाला या दालनांत परके वाटत नाही. फ्नॉम दा येथील अष्टभुज विष्णू, गोवर्धन उचलणारा कृष्ण, डोळे मिटून ध्यानस्थ बसलेला राजा सातवा जयवर्मन या मूर्तींपुढे पाऊल आपोआप थबकते. सर्वांत विलक्षण कथा मात्र भीम आणि दुर्योधन यांच्या मूर्तींची आहे. दहाव्या शतकात कोह केर येथील प्रासात चेन मंदिरात त्यांचे गदायुद्ध शिल्पित केले होते. विसाव्या शतकातील यादवीच्या धामधुमीत चोरांनी मूर्ती घोट्यापासून तोडून नेल्या. पावले आणि चौथरे तेवढे जागेवर राहिले. दुर्योधन न्यूयॉर्कच्या लिलावगृहात पोहोचला, भीम कॅलिफोर्नियातील एका संग्रहालयात. पुढे त्याच मागे राहिलेल्या पावलांनी मूर्तींचे मूळ ठिकाण सांगितले आणि २०१४ साली दोघेही मायदेशी परतले.

दगडाची पावले मागे राहिली, म्हणून मूर्ती ओळखता आल्या. नृत्याचे तसे नसते. ते नर्तकाच्या देहात राहते आणि देहाबरोबर जाते. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्याने नॉम पेन्ह ताब्यात घेतले आणि अवघे शहर रिकामे करून लोकांना शेतांवर राबण्यास धाडले. संग्रहालय बंद पडले, बागेत रान माजले, छपरात वटवाघळांनी घर केले. राजदरबाराशी नाते असलेल्या नर्तकांचा, वादकांचा आणि गुरूंचा तर जीवच धोक्यात आला. जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा दर दहा कलावंतांपैकी जेमतेम एक उरला होता, असे म्हटले जाते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये संग्रहालयाची दारे पुन्हा उघडली. छेंग फोन, प्रोएंग छिएंग यांच्यासारख्या वाचलेल्या कलावंतांनी आपल्या सोबत्यांचा शोध सुरू केला. कोणाला एका भूमिकेचे पदन्यास आठवत होते, कोणाला गीतांचे शब्द, कोणाला वाद्यमेळातील ठेका. एम थे ही राजवाड्यात वाढलेली नर्तिका राक्षसाच्या भूमिकेत निष्णात होती. मुलाबाळांच्या मृत्यूचे दुःख उराशी धरून तिने नव्या मुलींना शिकवायला घेतले. थायलंडच्या सीमेवरील खाओ-ई-दांगच्या निर्वासित छावणीतही बांबूच्या छपराखाली मुले नृत्य शिकत होती. एकेकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीला जोडत रचना पुन्हा उभ्या राहिल्या.

ही विद्या सोपी नाही. लहान वयातच बोटे मागे वाकवण्याचा सराव सुरू होतो. हातांच्या मूळ मुद्रांमध्ये अंकुर, पान, फूल आणि फळ अशी वृक्षाची वाढ दाखवली जाते. स्त्री, पुरुष, राक्षस आणि वानर या चार प्रकारच्या भूमिकांपैकी एक प्रत्येक शिष्याच्या वाट्याला येते आणि बहुधा आयुष्यभर तीच साधावी लागते. प्रयोगापूर्वी जरीचा पोशाख नर्तिकेच्या अंगावरच टाके घालून शिवतात. रंगमंचावर पाऊल ठेवण्याआधी गुरुवंदनेचा विधी होतो. ज्या गुरूंना अंत्यसंस्कारही लाभले नाहीत, त्यांचे स्मरणही त्या वंदनेत असते.

परंपरा जपणे म्हणजे काहीच न बदलणे, असेही येथे कोणी मानत नाही. आज जगभर कंबोडियाची ओळख ठरलेले अप्सरानृत्य प्राचीन नव्हे. अंकोरच्या शिल्पांवरून प्रेरणा घेऊन राणी कोसामक यांच्या आश्रयाखाली ते विसाव्या शतकात रचले गेले आणि त्यांची नात, राजकन्या बुप्फा देवी, त्यातील प्रमुख अप्सरा झाली. शिल्पावरून नृत्य जन्मले आणि नृत्यामुळे शिल्पाकडे पाहण्याची नवी दृष्टी लाभली. युनेस्कोने २००३ मध्ये या राजनृत्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला, तेव्हा बुप्फा देवीच देशाच्या संस्कृतिमंत्री होत्या.

संग्रहालयाच्या आवारात तरुण कलावंतांचे सायंकाळचे प्रयोग होत आले आहेत. 'कंबोडियन लिव्हिंग आर्ट्स' या १९९८ साली स्थापन झालेल्या संस्थेने त्यात मोठा वाटा उचलला. तिकिटाच्या पैशातून कलावंताचे घर चालते, ही गोष्टही लहान नाही. पोट भरणार नसेल, तर कोणती मुलगी बोटे वाकवण्यात दहा वर्षे घालवील?

सहकुटुंब जाणाऱ्यांनी प्रयोग कधी आहे याची आधी चौकशी करावी, दुपार दालनांत घालवावी आणि संध्याकाळी नृत्यास बसावे. मुलांना मूर्तीच्या हाताची मुद्रा नीट पाहून ठेवण्यास सांगावे. दिवे लागल्यावर त्यांच्याहून थोडी मोठी एखादी मुलगी तीच मुद्रा हळूच उलगडते. ती मुद्रा तिला तिच्या गुरूने शिकवलेली असते आणि त्या गुरूला अशा एखाद्या वृद्धेने, जी १९७९ साली जिवंत परतली होती.