शल्यचिकित्सकाच्या पाठीविषयी

भोर, श्रावण

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

शल्यशास्त्राच्या अभ्यासास निघालेल्या विद्यार्थ्याला ग्रंथ रुग्णाच्या देहाविषयी पुष्कळ सांगतात. टेबलापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या देहाविषयी फारसे सांगत नाहीत, म्हणून हे पत्र त्या दुसऱ्या देहापुरते.

प्रौढ माणसाचे डोके सुमारे ५ किलोचे असते. मान ताठ असता तो भार मणक्यांवर तोलला जातो, पण खोल जखमेत पाहण्यासाठी मान झुकली की मानेमागच्या स्नायूंना तो कित्येक पटींनी जड होतो. स्नायू न हलता आवळलेला राहिला, म्हणजे त्यावर स्थिर ताण आला, की त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात आणि वेदना सुरू होते. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणी करणाऱ्या बाईची कंबरही अशीच वाकलेली असते, पण तिला मधूनच ताठ उभे राहता येते. शल्यचिकित्सकाला चिमट्यात धरलेली रक्तवाहिनी सोडून तसे करता येत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत छेद लहान झाले म्हणून करणाऱ्याचे कष्टही कमी झाले, हा समज भाबडा आहे. लांब दांड्यांची उपकरणे पोटावरच्या छिद्राभोवती तरफेसारखी फिरतात, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते, आणि टेबल पुरेसे खाली घेतले नाही तर खांदे सारा वेळ उचललेलेच राहतात.

शहरात ही झीज अनेकांत वाटली जाते. तालुक्याच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक बहुधा एकटाच, आणि वरंध घाटातला अपघात त्याच्या झोपेची वेळ पाहून होत नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांसाठी एका पथकाने दिवसाला ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, असा केंद्र सरकारचा दंडक असतानाही २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ महिलांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर अनेक महिला दगावल्या. चर्चा औषधे व निर्जंतुकीकरण यांभोवती झाली, तरी तो हात शेवटच्या रुग्णाजवळ पहिल्याइतकाच स्थिर होता, असे शरीरशास्त्र म्हणू देत नाही.

अशा थकव्याला कणखरपणाची कसोटी समजण्याची आपल्याकडची रीत चुकीची आहे. तो नियोजनाचा प्रश्न आहे. टेबलाची उंची कोपराशी जुळवावी, बुटक्या सहायकाच्या पायाखाली पाट द्यावा, आणि लांबलेल्या शस्त्रक्रियेत अर्ध्या-पाऊण तासाने, रक्तस्राव आटोक्यात असता, मिनिटभर थांबून मान व खांदे मोकळे करावेत. भूलतज्ज्ञाला हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे आयत्या वेळी संकोच होत नाही.

इति आशीर्वाद.
काका